छायाचित्रातला कैदी न्यूटन नव्हे

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत दुसऱ्या महायुद्धातील वैमानिकांवर आलेला सचित्र लेख वाचला. आपला अंक इंदूरला एक दिवस उशिरा पोहोचतो आणि मला पत्र लिहून पुरे करायला आणखी चार दिवस लागले, त्यामुळे ही तक्रार थोडी शिळी वाटेल. परंतु ज्या चुकीविषयी ती आहे ती चूकच ८० वर्षांहून जुनी असल्यामुळे चार-पाच दिवसांनी काही बिघडत नाही, असे समजून लिहीत आहे.

विल्यम एलिस न्यूटन या ऑस्ट्रेलियन बॉम्बर वैमानिकाविषयी लेखात असे म्हटले आहे की न्यू गिनीतील सालामाउआच्या किनाऱ्याजवळ त्याचे जळते विमान समुद्रात उतरले आणि तो विमानाबरोबरच बुडाला. याच मजकुराला लागून एक छायाचित्र छापले आहे. त्यात डोळ्यांवर पट्टी बांधलेला, गुडघ्यांवर बसवलेला एक कैदी दिसतो, त्याच्या मागे तलवार उगारून उभा असलेला जपानी दिसतो, आणि खाली ‘न्यूटन यांचे अखेरचे क्षण’ अशी ओळ आहे. एकच माणूस मजकुरात समुद्रात बुडतो आणि शेजारच्या चित्रात जमिनीवर तलवारीने मारला जातो, ही विसंगती पान लावताना कोणाच्याच ध्यानात आली नाही याचे नवल वाटते. वस्तुस्थिती अशी आहे की न्यूटन बुडाला नव्हता आणि चित्रातला कैदीही न्यूटन नाही.

तो कैदी म्हणजे सार्जंट लेनर्ड सिफ्लीट. हाही ऑस्ट्रेलियनच, पण वैमानिक नव्हे. शत्रूच्या मुलखात शिरून टेहळणी करणाऱ्या एका विशेष तुकडीत तो बिनतारी संदेशक होता. न्यू गिनीच्याच उत्तर किनाऱ्यावरील हॉलंडियाच्या मागच्या डोंगरांत टेहळणीचे ठाणे उभारण्याच्या कामगिरीवर असताना स्थानिक लोकांनी त्याला आणि त्याच्या सोबत्यांना पकडून जपान्यांच्या हवाली केले. २४ ऑक्टोबर १९४३ रोजी आयटापे येथील समुद्रकिनाऱ्यावर त्याचा शिरच्छेद झाला. त्याच्याबरोबर पॅटिवाल आणि रेहारिंग या आंबोन बेटाकडच्या दोन सोबत्यांनाही मारण्यात आले. एप्रिल १९४४ मध्ये अमेरिकन सैन्य हॉलंडियाला उतरले तेव्हा एका मृत जपानी अधिकाऱ्याजवळ हे छायाचित्र सापडले आणि तेथून ते जगभर गेले. न्यूटनला मारले गेले ते त्याआधी जवळजवळ सात महिने, २९ मार्च १९४३ रोजी, आणि तेही आयटापेपासून बऱ्याच अंतरावरच्या सालामाउआत. देश एक, बेट एक, वर्ष एक आणि मारण्याची रीतही एक असल्यामुळे लोकांनी दोन माणसांचा एक माणूस करून टाकला. न्यूटनला व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिश साम्राज्याचे सर्वोच्च शौर्यपदक मिळालेले असल्याने त्याचे नाव माहीत होते, सिफ्लीटचे नव्हते, आणि अनोळखी चेहऱ्याखाली ओळखीचे नाव चिकटवण्याचा मोह नेहमीच होतो.

लेखातील दुसरी चूक, म्हणजे न्यूटन बुडाल्याची, मात्र क्षम्य म्हटली पाहिजे, कारण ती प्रथम खुद्द सरकारी कागदातच झाली होती. त्याविषयी पुढे लिहितो. आधी हा मुलगा कोण होता ते सांगणे आवश्यक आहे, कारण लेखात त्याच्या पराक्रमाला विशेषणे भरपूर असली तरी त्याच्या आयुष्याला दोन ओळीही मिळालेल्या नाहीत. लेखकाने त्याला आदराने अहोजाहो केले आहे. मी मात्र त्याचा उल्लेख एकेरीत करतो, यात अनादर नाही. तो क्रिकेटपटू होता आणि क्रिकेटपटूला आपण मराठीत एकेरीतच हाक मारतो.

बिल न्यूटनचा जन्म ८ जून १९१९ रोजी मेलबर्नच्या सेंट किल्डा या उपनगरात झाला. वडील दंतवैद्य होते. तो शाळेत असतानाच ते अचानक वारले, शिक्षण अर्धवट राहिले आणि मुलगा रेशमाच्या एका वखारीत नोकरीला लागला. क्रिकेट मात्र सुटले नाही. तो वेगवान गोलंदाज होता आणि व्हिक्टोरिया राज्याच्या दुसऱ्या संघातून खेळण्यापर्यंत त्याची मजल गेली होती. जानेवारी १९३८ मध्ये, वयाच्या १८व्या वर्षी, त्याने एका सामन्यात बिल पॉन्सफर्डला बाद केले. पॉन्सफर्ड तेव्हा मोठ्या क्रिकेटमधून निवृत्त झालेला असला, तरी प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये दोन वेळा ४००च्या पुढे गेलेला तो फलंदाज होता आणि त्याची ४३७ ही धावसंख्या एकेकाळी जागतिक विक्रम होती. मराठी वाचकाला हा आकडा ओळखीचा वाटण्याचे कारण असे की डॉन ब्रॅडमनने १९३० मध्ये तो मागे टाकला आणि पुढे १९४८ मध्ये पुण्याला आपल्या भाऊसाहेब निंबाळकरांनी नाबाद ४४३ धावा करून तोच आकडा पुन्हा ओलांडला. अशा फलंदाजाला १८ वर्षांच्या पोराने बाद करणे म्हणजे काय, हे आमच्या इंदुरात तरी कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

इंदूरचा उल्लेख मी उगाच करत नाही. न्यूटनचे नाव मला क्रिकेटच्या वाटेनेच कळले. माझे वडील, ज्यांना आम्ही नाना म्हणत असू, युद्धाच्या काळात इंदुरात शाळकरी होते. होळकरांच्या संघाचे सामने पाहायला ते यशवंत क्लबच्या मैदानाबाहेर कुंपणाला लटकत असत आणि सी. के. नायडूंचा प्रत्येक षटकार कुठे पडला ते म्हातारपणीही बोटाने दाखवत असत. युद्ध त्यांना दिसले ते असे, क्रिकेटमधूनच. इंग्लंडचा डेनिस कॉम्पटन सैन्याच्या नोकरीवर महूला आला आणि होळकर संघातून खेळू लागला. १९४४-४५च्या रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात ब्रेबॉर्न मैदानावर मुंबईविरुद्ध त्याने नाबाद २४९ धावा काढल्या, तरीही होळकर हरले, याचे दुःख नानांना अखेरपर्यंत होते. युद्ध संपताच ऑस्ट्रेलियन सैनिकांचा क्रिकेट संघ लिंडसे हॅसेटच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानात आला. कलकत्त्याच्या सामन्यातून मुश्ताक अलींना वगळले तेव्हा तिथल्या लोकांनी ‘मुश्ताक नाही तर टेस्ट नाही’ अशा घोषणा देत निवड समितीचे दुलीपसिंहजी यांना घेरले आणि मुश्ताक संघात परतले. आमच्या गावच्या खेळाडूसाठी परक्या गावाने केलेला हा हट्ट इंदूरकर आजही अभिमानाने सांगतात. त्याच ऑस्ट्रेलियन संघात कीथ मिलर होता, न्यूटनच्याच मेलबर्नचा, न्यूटनच्याच वर्षी, १९१९ मध्ये, जन्मलेला आणि हवाई दलात मॉस्किटो विमान चालवून आलेला. मिलरविषयी वाचता वाचता मी न्यूटनपर्यंत पोहोचलो. एक वैमानिक युद्धानंतर हिंदुस्थानच्या मैदानांवर खेळला आणि दुसरा २३व्या वर्षी संपला, ही तुलना मनातून जात नाही.

युद्ध सुरू झाल्यावर ५ फेब्रुवारी १९४० रोजी न्यूटन रॉयल ऑस्ट्रेलियन एअर फोर्समध्ये भरती झाला. विमान चालवायला शिकल्यावर त्याला काही काळ इतरांना शिकवण्याच्या कामावर ठेवण्यात आले. मे १९४२ मध्ये तो २२व्या स्क्वाड्रनमध्ये दाखल झाला. ही स्क्वाड्रन अमेरिकन बनावटीची दोन इंजिनांची बॉस्टन विमाने चालवत असे. नावाने बॉम्बर असले तरी जर्मन शहरांवर रात्री खूप उंचावरून बॉम्ब टाकणाऱ्या चार इंजिनांच्या विमानांशी बॉस्टनची गल्लत करू नये, जी आपल्या लेखात झाली आहे. हे हलके, चपळ विमान होते आणि त्याचे काम दिवसाउजेडी, अगदी खाली उतरून, कोठारे, तोफांचे मोर्चे आणि धावपट्ट्या यांवर हल्ला करण्याचे होते. खाली उतरले की निशाण चुकत नाही, पण खालच्या बंदूकवाल्याचेही चुकत नाही.

मार्च १९४२ मध्ये जपान्यांनी न्यू गिनीच्या उत्तर किनाऱ्यावर लाए आणि सालामाउआ ही ठिकाणे घेतली होती. ऑस्ट्रेलियन आणि अमेरिकन विमाने दक्षिणेकडच्या पोर्ट मोर्सबीहून निघत आणि मध्ये आडवी पडलेली ओवेन स्टॅन्ली पर्वतरांग ओलांडून उत्तरेला जात. न्यूटनची पहिली मोहीम १ जानेवारी १९४३ची. त्यानंतर ११ आठवड्यांत त्याने ५२ मोहिमा केल्या. म्हणजे दर तीन दिवसांत दोन, तेही पावसाळी ढगांतून आणि डोंगरांवरून. विमानवेधी तोफांचा मारा सुरू झाला की विमान डावीउजवीकडे वळवून तो चुकवणे ही वैमानिकाची साधी युक्ती असते. न्यूटन ती करत नसे, सरळ लक्ष्यावर जात असे, अशी त्याच्या प्रशस्तिपत्रात नोंद आहे. हे धाडस की हेकटपणा, असा प्रश्न मला पडला, आणि उत्तर असे सुचले की वळणाऱ्या विमानातून टाकलेला बॉम्ब कोठारावर पडत नाही, हे शिकवण्याचे काम केलेल्या माणसाला इतरांपेक्षा अधिक ठाऊक असणार. त्याच्या मागे आगी पेटलेल्या राहत म्हणून सोबत्यांनी त्याला ‘फायरबग’, म्हणजे आगलाव्या, असे नाव ठेवले होते.

सालामाउआ ही दोन्ही बाजूंनी समुद्र असलेली जमिनीची चिंचोळी पट्टी. अशा पट्टीवर हल्ला करणारे विमान कोणत्या दिशांनी येऊ शकते हे तोफांवर बसलेल्यांना आधीच कळते. १६ मार्च १९४३ रोजी न्यूटन येथील हल्ल्याचे नेतृत्व करत होता. त्याच्या विमानाचे पंख, सांगाडा, इंधनाच्या टाक्या आणि चाकांची यंत्रणा या सगळ्यांना मार बसला. तरीही त्याने खालून जात इमारती, दारूगोळा आणि इंधनाची कोठारे यांवर बॉम्ब टाकले, पुन्हा वळून मशीनगनचा मारा केला आणि तशा विमानाने पर्वत ओलांडून तळावर परत आला. उतरल्यावर विमानाला ९८ भोके मोजली गेली. एखाद्या माणसाला यानंतर आठवडाभर विश्रांती द्यावी असे आपल्याला वाटेल. दोनच दिवसांनी, १८ मार्चला, तो पुन्हा सालामाउआवर गेला.

या वेळी त्याच्याबरोबर विमानात बिनतारी संदेशक फ्लाइट सार्जंट जॉन लायन आणि मार्गदर्शक (नॅव्हिगेटर) सार्जंट बॅसिल ईस्टवुड होते. ठरलेल्या इमारतीवर बॉम्ब टाकतानाच विमानाला तोफगोळा लागला आणि ते पेटले. न्यूटनने पेटलेले विमान शत्रूच्या ठाण्यांपासून शक्य तेवढे लांब किनाऱ्याच्या कडेने नेले आणि किनाऱ्यापासून सुमारे ९०० मीटरवर पाण्यात उतरवले. ईस्टवुड तिथेच मरण पावला. वर घिरट्या घालणाऱ्या सोबतच्या विमानांतून दोघेजण किनाऱ्याकडे पोहत जाताना दिसले. वैमानिकाच्या डोक्यावरची झडप उघडलेली त्यांना दिसली नाही. त्यावरून सर्वांनी निष्कर्ष काढला की पोहणारे दोघे म्हणजे विमानातले इतर दोघे आणि वैमानिक आत अडकून गेला. पुढे १९ ऑक्टोबर १९४३ रोजी व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला तेव्हाही प्रशस्तिपत्रात हाच निष्कर्ष उतरला. आपल्या लेखकाने तोच मजकूर घेतला असावा. प्रत्यक्षात पोहत गेलेले दोघे होते न्यूटन आणि लायन.

किनाऱ्यावर पोहोचल्यावर ते स्थानिक लोकांच्या मदतीने आधी आत जंगलाकडे गेले, नंतर पुन्हा किनाऱ्याकडे वळले आणि जपानी नौदलाच्या गस्तीच्या हाती सापडले. सालामाउआत चौकशी झाल्यावर दोघांना लाएला नेण्यात आले. तिथे रिअर अॅडमिरल रुइतारो फुजिता याच्या हुकमाने लायनला संगिनीने भोसकून मारले. न्यूटनला परत सालामाउआला आणले गेले आणि २९ मार्च रोजी, त्याला पकडणाऱ्या सब-लेफ्टनंट उइची कोमाई यानेच तलवारीने त्याचा शिरच्छेद केला. २४वा वाढदिवस सव्वादोन महिन्यांवर होता.

आपल्या लेखात या मृत्यूला ‘वीरमरण’ म्हटले आहे. न्यूटनचे शौर्य मान्य करूनही या शब्दाविषयी मला हरकत नोंदवायची आहे. वीरमरण लढताना येते. हात बांधलेल्या कैद्याला मारणे हा खून आहे, आणि जपानने स्वतः मान्य केलेल्या १९०७च्या हेग करारानेही शरण आलेल्या शत्रूला मारण्यास मनाई होती. जपानने सही करूनही पुढे मंजूर न केलेल्या १९२९च्या जिनिव्हा कराराचा आधार इथे घेण्याचीही गरज नाही. या दोन्ही खुनांचा जाब मात्र कोणाला द्यावा लागला नाही. कोमाई लवकरच फिलिपाइन्समध्ये मारला गेला आणि फुजिताने युद्धाच्या शेवटी आत्महत्या केली.

हे सारे जगाला कसे कळले, हा या हकिकतीतला सर्वांत विलक्षण भाग लेखातून सुटला आहे. त्याच वर्षी एका जपानी सैनिकाची डायरी मित्रसैन्याच्या हाती आली. त्यात एका पकडलेल्या बॉम्बर वैमानिकाच्या वधाचे प्रत्यक्षदर्शी वर्णन होते. कैद्याचे नाव नव्हते, पण हुद्दा, स्थळ आणि दिवस ताडून पाहता तो न्यूटनच असल्याचे गुप्तहेर खात्याने ठरवले. ऑक्टोबर १९४३ च्या सुरुवातीला हे वर्णन नाव न सांगता प्रसिद्ध करण्यात आले. डायरी लिहिणारा रोज या विमानांच्या बॉम्बखाली राहणारा माणूस होता, आणि तरीही कैदी गवताकडे, डोंगरांकडे आणि समुद्राकडे पाहत होता, हे त्याने टिपले. स्वतःला त्याच्या जागी कल्पून पाहिल्यावर रोजच्या बॉम्बफेकीने साठलेला द्वेष उरला नाही, असेही त्याने लिहून ठेवले. मारणाऱ्यांच्या गर्दीत उभ्या असलेल्या त्या अनामिक शिपायाने हे लिहिले नसते, तर न्यूटन आजही सर्वांच्या लेखी समुद्रातच बुडालेला राहिला असता. ते छायाचित्र छापण्याऐवजी या नोंदीचा सारांश दिला असता तर पान अधिक खरे झाले असते आणि सकाळी चहाबरोबर पुरवणी उघडणाऱ्या मुलाबाळांसमोर तो प्रसंगही आला नसता. ते चित्र छापूच नये असे माझे म्हणणे नाही. मात्र छापायचे असेल, तर निदान मरणाऱ्याचे नाव बरोबर असावे एवढी त्याची किंमत संपादकांनी मोजली पाहिजे.

सप्टेंबर १९४३ मध्ये सालामाउआ ऑस्ट्रेलियन आणि अमेरिकन सैन्याने परत घेतले. न्यूटनचा देह एका बॉम्बने पडलेल्या खड्ड्यात पुरलेला सापडला आणि पुढे तो लाएच्या युद्धकबरस्तानात हलवण्यात आला. आपल्याकडचे नाईक यशवंत घाडगे इटलीत १९४४ मध्ये लढताना पडले आणि त्यांनाही मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, पण त्यांच्या वाट्याला कबरही आली नाही. कॅसिनोच्या स्मारकावर फक्त नाव आहे. आणखी एक गोष्ट आपल्या वाचकांना ठाऊक असावी म्हणून लिहितो. लाएच्या त्याच कबरस्तानात हिंदी सैन्यातले शिपाईही आहेत. मलायाकडे पकडले जाऊन, मजुरी करून घेण्यासाठी न्यू गिनीला नेलेले आणि तिथेच मेलेले हे युद्धकैदी होत. न्यूटनला निदान डायरीमुळे नाव परत मिळाले, त्यांच्यापैकी अनेकांना तेही मिळाले नाही. आपल्या पुरवणीला दुसरा लेख हवा असेल तर विषय तिथे आहे.

व्हिक्टोरिया क्रॉस स्वीकारायला न्यूटनची आई मिनी यांना युद्ध संपेपर्यंत थांबावे लागले. ३० नोव्हेंबर १९४५ रोजी गव्हर्नर जनरल असलेल्या ड्यूक ऑफ ग्लॉस्टर यांच्या हस्ते तो त्यांना मिळाला. नेमक्या त्याच आठवड्यात मिलर, हॅसेट आणि मंडळी कलकत्त्याला मुश्ताक अलींविरुद्ध सामना खेळून मोकळी झाली होती. त्या माउलीने पदक पुढे कॅनबेराच्या युद्धस्मारकाला देऊन टाकले. ऑस्ट्रेलियाच्या हवाई दलातील ज्यांना त्या युद्धात हे पदक मिळाले, त्यांच्यात ऑस्ट्रेलियाच्याच स्क्वाड्रनमधून लढताना ते मिळवणारा न्यूटन एकटा होता.

माझी विनंती एवढीच आहे की येत्या रविवारी, त्याच पानावर आणि नजरेत भरेल अशा जागी, खुलासा छापावा की छायाचित्रातील कैदी सार्जंट लेनर्ड सिफ्लीट असून न्यूटन पाण्यात बुडाला नव्हता. त्या खुलाशात जॉन लायन, बॅसिल ईस्टवुड, पॅटिवाल आणि रेहारिंग ही चार नावेही यावीत, कारण मूळ लेखात त्यांच्यापैकी एकाचाही उल्लेख नाही. आमच्या भागातील वाचनालयात आपली पुरवणी फलकावर लावली जाते आणि ते पान अजून तिथेच आहे. ग्रंथपालांच्या परवानगीने मी छायाचित्राखालचे नाव पेन्सिलीने खोडून सिफ्लीटचे लिहिले आहे. छापील खुलासा आला की तो त्यावर डकवीन.

आपला,
एक जुना वाचक
स्नेहलतागंज, इंदूर